घड्याळजींचा होकार

१

घड्याळजींनी सरकारी आरोग्य विमा सोडला, ही बातमी सगळ्यात शेवटी घड्याळजींनाच कळली.

गुरुवार होता. डोळ्यांच्या रुग्णालयात काउंटरवरची मुलगी संगणकात तोंड खुपसून बसली होती. समोर एकाहत्तर वर्षांचे घड्याळजी काठीवर भार देऊन उभे, शेजारी त्यांचा दाढीवाला मुलगा आणि मागे घड्याळजींची धाकटी बहीण. तिला सगळं घर आत्या म्हणायचं. आत्याची बत्तीस वर्षं याच विमा योजनेच्या अपील शाखेत गेली होती, त्यामुळे माणसांबद्दल तिचं मत फारसं चांगलं उरलं नव्हतं.

"आजोबा, तुम्ही योजनेत नाही," मुलगी मान वर न करता म्हणाली. "तुम्ही स्वतःच सोडलीत ना ती?"

"हो," घड्याळजी म्हणाले.

"सोनसावली नावाच्या खाजगी योजनेत गेलात ना?"

"हो हो."

"मग सोनसावली जुन्या आजाराला पहिलं वर्षभर हात लावत नाही. पुढच्या बुधवारची शस्त्रक्रिया रद्द करू?"

"हो," घड्याळजी हसून म्हणाले.

"एक मिनिट!" आत्या मध्ये घुसली. "खबरदार काही रद्द केलंस तर. आणि बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघावं, एवढं शिकवत नाहीत वाटतं इथे?"

मुलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण तिने मान वर केली. घड्याळजींचा डावा डोळा केव्हाच गेला होता. उजव्यात मोतीबिंदू इतका पिकला होता, की दोन हातांपलीकडचं जग त्यांना दुधात बुडाल्यासारखं दिसे. तो काढला नाही तर उरलेलंही जाणार, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

"कधी सोडली म्हणे योजना?" आत्याने विचारलं.

मुलीने तारीख सांगितली. आत्याने बोटांवर हिशेब केला. आज शहाऐंशीवा दिवस होता. संमतीशिवाय योजना बदलली गेली, अशी तक्रार करायला नव्वद दिवस मिळतात. म्हणजे सोमवार शेवटचा. त्यानंतर वर्षभर दार बंद.

"सही दाखव त्यांची," ती म्हणाली.

"सही नाहीये. फोनवर संमती दिलीय आजोबांनी. आवाज रेकॉर्ड केलेला आहे, अगदी स्वच्छ."

मुलाने सुस्कारा टाकला. "बाबा, काय हे! मला न विचारता?"

"हो," घड्याळजी म्हणाले.

आत्या मात्र एकाच शब्दावर अडली होती. फोनवर? तिच्या दादाला गेल्या वीस वर्षांत फोनवरचा एक शब्दही ऐकू आलेला नव्हता. तो ठार बहिरा होता आणि हे तिच्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं.

२

घड्याळजी आधी मनोऱ्यावरच्या मोठ्या घड्याळाला किल्ली द्यायचे. रोज त्या घंटेच्या पोटाशी उभं राहून त्यांचे कान हळूहळू गेले. मग चोपन्नाव्या वर्षी घड्याळाच्या वजनाचा दोर तुटला आणि पाय गेला; पुढे त्यांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलं. पायाचं त्यांनी जगाला सांगितलं. त्याच पायावर त्यांना वयाच्या आधी, अपंग म्हणून सरकारी विमा मिळाला. "मी योजनेत पायाने आलो," हा त्यांचा ठरलेला विनोद होता. कानांचं मात्र त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. "लंगड्याला लोक हात देतात. बहिऱ्याची नक्कल करतात," एवढंच ते बहिणीला म्हणाले होते. तेही, त्यांच्याकडे पाठ करून कपडे वाळत घालताना तिने शिवी दिली आणि ते "हो" म्हणाले, तेव्हा सापडले म्हणून.

त्यानंतर ते ओठ वाचायला शिकले. ओठ दिसले की नीट उत्तर, नाही दिसले की "हो". या एका अक्षरावर माणूस वीस वर्षं सुखाने जगला, यावरून समोरचे लोक त्याच्याकडे किती लक्ष देत होते ते कळतं. आता तो डोळा गेला असता तर ओठही गेले असते. मग दादाशी कोणालाच बोलता आलं नसतं, तिलासुद्धा. त्या विचाराने आत्या आणखी चिडली.

सोनसावलीच्या कार्यालयात जाऊन तिने तासाभरात रेकॉर्डिंगची प्रत काढली. द्यायचं नाही म्हणणाऱ्या तरुण साहेबाला तिने नियमाचं कलम तोंडपाठ म्हणून दाखवलं. ते कलम तिनेच एकेकाळी मसुद्यात घातलं होतं.

शुक्रवारी सकाळी घड्याळजींच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मुलगा, सून आणि आत्या रेकॉर्डिंग ऐकत बसले. घड्याळजी खिडकीजवळ एका मनगटी घड्याळाचं पोट उघडून बसले होते.

"तुमचं नाव, आजोबा?" एका मुलीचा आवाज. म्हाताऱ्याच्या घोगऱ्या आवाजाने नाव सांगितलं.

"सरकारी योजना सोडून सोनसावलीत यायला तुमची संमती आहे?"

"हो."

"आणखी कुठला खाजगी विमा?"

"नाही."

"सरकारी योजनेत तुम्ही वयाने आहात की अपंगत्वाने?"

"वयाने."

"भेट म्हणून चष्म्याची पेटी हवी की रक्तदाबाचं यंत्र?"

"यंत्र चालेल."

एवढंच. मध्ये अधूनमधून खसखस असा बारीक आवाज येत होता.

"बाबांचाच आवाज," मुलगा ठामपणे म्हणाला.

"तुला ओळखू येतो?" आत्याने विचारलं. "शेवटचं वाक्य कधी ऐकलंस त्यांच्या तोंडून? पुरतं वाक्य?"

मुलगा विचारात पडला. दाढी खाजवत म्हणाला, "बाबा फार बोलत नाहीत गं माझ्याशी. पण माझं सगळं ऐकतात. कधी शब्दाबाहेर गेले नाहीत. दुकान बंद करू का म्हटलं, लगेच हो म्हणाले."

"ऐकतात, नाही का?" आत्या म्हणाली. अशा पुतण्याशी वाद घालण्यापेक्षा मिक्सरशी घातलेला बरा, असं तिला वाटलं.

पण एक गोष्ट तिच्या मनात पक्की बसली होती. दुसरा विमा आहे का, या प्रश्नाला त्या आवाजाने "नाही" असं उत्तर दिलं होतं. प्रश्न ऐकू न येणारा दादा तिथेही "हो"च म्हणाला असता. बोलणारा माणूस दादा नव्हता.

"एक मात्र चुकलंय यात," मुलगा म्हणाला. "वयाने कसं? बाबा पायाने आलेत. कार्डावरही अपंगत्वच लिहिलंय."

सुनेने कार्ड आणून टेबलावर ठेवलं. खरंच, अपंगत्व असंच छापलेलं होतं. आत्याने ते उलटसुलट पाहिलं. रेकॉर्डिंगमधलं उत्तर चूक असतं तर तिला बरं वाटलं असतं. पण ते चूक नव्हतं.

३

रेकॉर्डिंगवरच्या नोंदीप्रमाणे फोन आला होता तो मंगळवारी अकरा वाजता, ज्येष्ठांच्या दिवस-केंद्रातल्या कार्यालयातल्या फोनवर. घड्याळजी तिथे आठवड्यातून दोनदा पत्ते खेळायला जात. आत्या त्यांना घेऊनच गेली.

केंद्राच्या दारावर अजून कागद लटकत होता: "सरकारी विमा समजून घ्या! मोफत व्याख्यान." व्याख्याता होता सोनसावलीचा एजंट. त्याला सगळे साखऱ्या म्हणत. आत्याला बघताच त्याने दोन्ही हात पसरले.

"या आई, या! काय सेवा करू?"

"पहिली सेवा म्हणजे मला आई म्हणू नकोस. माझ्या भावाचा अर्ज तू भरलास?"

"म्हणजे, त्यांनी इच्छा दाखवली. मी सोनसावलीचं सगळं समजावलं, ते हो म्हणाले. माणूस मोठा गोड हो!"

"कुठे उभं राहून समजावलंस?"

"त्यांच्या मागे. खांद्यावर हात ठेवून. वडीलधाऱ्यांना आपुलकी आवडते ना, आई... बाई."

असल्या आपुलकीने वीस म्हातारे एका दमात बुडवता येतात, असं आत्याच्या मनात आलं. तिने अर्ज मागितला. साखऱ्याने तो अंगाला तेल लावल्यासारखा सुळकन काढून दिला. त्यात प्रवर्गाच्या चौकटीत त्याच्या अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं: अपंगत्व.

"हे कुठून लिहिलंस?"

"कार्डावरून. दुसरं कुठून लिहिणार?"

हा प्राणी खोटारडा होता, पण फोनवरचा आवाज त्याचा नव्हता. त्याने "अपंगत्वाने" असं सांगितलं असतं. आत्याला वाईटच वाटलं. तो गुन्हेगार असता तर फार बरं झालं असतं.

मग ती पोपटाकडे वळली. पोपट म्हणजे एके काळी रेडिओवरच्या नाटकांतून बारा माणसांचे आवाज काढणारा म्हातारा. केंद्रातल्या प्रत्येकाची तो नक्कल करायचा. घड्याळजींची तर इतकी हुबेहूब, की त्यांची सूनही एकदा फसली होती.

"मीच केलं म्हणायला आलीस ना?" पोपट आधीच फुगून बसला होता.

"ऐक आणि मग बोल." तिने रेकॉर्डिंग लावलं.

पोपटाने डोळे मिटून ऐकलं. शेवटी त्याने तोंड वाकडं केलं. "शी! हा आवाज काढलाय म्हणे? हा नुसता घसा खरवडतोय. घड्याळजी 'नाही' म्हणताना 'ना'वर जोर देतो. हा 'ही'वर देतोय. माझ्या नावावर असलं भिकार काम खपवू नकोस."

"मग कोण?"

"ते मला काय माहीत? पण हे खसखस ऐक. पुन्हा लाव. बघ, बोलताना येतं, गप्प असला की थांबतं. फोनच्या भोंग्याला काहीतरी घासतंय. केस आहेत हे. तोंडावरचे केस."

पोपटाची स्वतःची हनुवटी उकडलेल्या बटाट्यासारखी होती. साखऱ्याही गुळगुळीत.

केंद्रात मदत-टेबलावर योजनेच्या कार्यालयातला एक बाबू मंगळवारी आणि शुक्रवारी बसत असे. म्हाताऱ्यांना फॉर्म भरून देई, झेरॉक्स काढून देई. त्याला सगळे परोपकारी म्हणत आणि ते ऐकून तो खाली बघून लाजे. आत्ताही तो चहा पीत होता आणि मिशांना लागलेला चहा रुमालाने टिपत होता.

"ताई, ऐकलं मी," तो हळहळत म्हणाला. "वाईट झालं. पण खरं सांगू? अपिलाच्या भानगडीत पडू नका. रेकॉर्डिंगपुढे काही चालत नाही. कार्यालयाचा कारभार तुम्हाला ठाऊकच आहे. पासष्ट ओलांडलेल्यांची नवी कार्डंसुद्धा अजून छापून झाली नाहीत."

आत्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. तोंडावरचे केस. तिच्या डोळ्यांपुढे पुतण्याची काळीभोर, छातीपर्यंत आलेली दाढी उभी राहिली.

४

"मी?" मुलगा ओरडला. "आत्या, तुझं डोकं फिरलंय का? त्या मंगळवारी अकराला मी कचेरीत होतो. साहेबाला विचार!"

"विचारणार आहे," आत्या म्हणाली.

"आणि मी का करीन असं?"

"भेट म्हणून मिळालेलं रक्तदाबाचं यंत्र कुठे आहे?"

"कसलं यंत्र? आमच्याकडे काही आलं नाही!"

तो पाय आपटत बाहेर निघून गेला. सून ओट्याशी उभी होती. तिने आधी सासऱ्यांच्या खांद्याला हात लावला, ते वळले, मग तिने त्यांच्यासमोर उभं राहून हळू विचारलं, "बाबा, चहा?"

"नाही. आत्ता घेतला ना?" घड्याळजी म्हणाले.

आत्या बघतच राहिली. "तुला माहीत आहे," ती सुनेला म्हणाली.

"सहा वर्षं झाली," सून म्हणाली. "त्यांना कळू द्यायचं नव्हतं, म्हणून मीही कळलं असं दाखवलं नाही. तुम्ही दोघं भाऊबहीण स्वतःला फार हुशार समजता."

आत्याला कोणी तोंडावर असं बोललेलं फार दिवसांत आठवत नव्हतं. राग यायला हवा होता, पण तिला ही पोरगी एकदम आवडली.

"यांनी फोन केला नाही," सून पुढे म्हणाली. "यांना बाबांचं वय विचारलं तरी सांगता येणार नाही. पण आत्या, एक सांगू? यांनी अकरा वर्षांपूर्वी दाढी वाढवली. लग्नाआधीपासून ऐकतेय, बाबा किती समजूतदार झाले, हल्ली कधी नाही म्हणत नाहीत. मला म्हणतात नाही. तुम्हाला तर उठसूट म्हणतात. यांनाच कधी म्हणत नाहीत."

आत्या खुर्चीत बसली. दाढी. दाढीत ओठ दिसत नाहीत. ओठ दिसले नाहीत की दादा "हो" म्हणतो. दुकान बंद करू का? हो. तुमची खोली मागे हलवू का? हो. पोराला वाटलं बाप आपलं ऐकतो आणि बापाला पोराचा एक शब्द अकरा वर्षांत कळलेला नव्हता.

"बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या अकलेचे धिंडवडे काढले," ती म्हणाली, "आणि हे माझ्या लक्षात येऊ नये!"

मग तिने जुनं कार्ड पुन्हा हातात घेतलं आणि सुनेला समजावू लागली. बोलता बोलता तिचं तिलाच सगळं लख्ख होत गेलं.

"या योजनेत शिरायच्या वाटा दोन. एक वय, दुसरी अपंगत्व. दादा चोपन्नाव्या वर्षी अपंगत्वाने आला. पण पासष्ट पुरी झाली की माणूस आपोआप वयाच्या यादीत जातो. कोणी विचारत नाही, कोणी कळवत नाही. कार्डावर जुनंच राहतं. बदल दिसतो तो फक्त योजनेच्या संगणकात. आम्ही सगळे पायाने म्हणतो, पोपट पायाने म्हणेल, साखऱ्याने कार्डावरून अपंगत्व लिहिलं. 'वयाने' असं बरोबर उत्तर कोण देईल?"

"ज्याने तो संगणक बघितलाय तो," सून म्हणाली.

"आणि ज्याच्या तोंडावर केस आहेत. आणि ज्याने काहीही विचारलं तरी दादा 'हो'च म्हणेल." आत्या उठून पायात चपला घालू लागली. "चहात भिजतात इतक्या लांब मिशा आहेत त्याच्या. अख्खा वरचा ओठ झाकलेला!"

५

परोपकारी टेबल आवरून निघण्याच्या बेतात होता. आत्याने त्याच्यासमोरची खुर्ची ओढली. टेबलाच्या खालच्या कप्प्यातून रक्तदाबाच्या यंत्राचा निळा पट्टा डोकावत होता. ती त्याकडे बघते आहे हे त्याने पाहिलं आणि पायाने कप्पा लोटला.

"ते लोकांसाठी ठेवलंय, ताई. सगळ्यांचा रक्तदाब मोजतो मी."

"मोज की. आत्ता स्वतःचा मोज."

त्याने ताकास तूर लागू न देण्याचा प्रयत्न केला. पण आत्याने एकेक गोष्ट समोर मांडली तसा त्याचा चेहरा पडत गेला आणि शेवटी तो गुन्हेगारासारखा नव्हे, तर अन्याय झालेल्या माणसासारखा बोलू लागला. या जातीच्या माणसांचं आत्याला सगळ्यात जास्त हेच खटके.

"मी विचारलं होतं त्यांना, ताई! तीनदा विचारलं. सोनसावलीत जायचं का? हो. फोन आलाय, बोलता का? हो. त्यांनी फोन हातात घेतला, हसले, फोनला 'हो' म्हणाले आणि परत माझ्याकडे दिला. मी म्हटलं, मीच बोलू का तुमच्या वतीने? तेव्हाही हो म्हणाले! आता माणूस इतकं हो म्हणत असेल तर मी काय समजायचं?"

"त्यांच्या वतीने बोललास? की त्यांचं नाव सांगून, घसा खरवडून बोललास?"

त्याने टेबलावरचे फॉर्म उगाच एकावर एक रचले.

"आणि एवढी घाई कसली होती?"

"साखऱ्याने सांगितलं होतं, चाळीस नावं झाली की सहल. समुद्रकिनारी तीन दिवस." मग त्याने खालच्या आवाजात जोडलं, "दोन माणसांची. नाश्ता धरून."

"नाश्ता धरून!" आत्या म्हणाली. एखाद्याचा डोळा काढून घ्यायचा तर निदान कारण तरी मोठं असावं. इथे उकडलेल्या अंड्यांवर भागलं होतं.

"सोमवारी अपिलात हे सगळं जसंच्या तसं सांग," ती उठत म्हणाली.

"मी?" परोपकाऱ्याने दोन्ही कानांवर हात ठेवले. "मी काहीच बोललो नाही तुमच्याशी. आणि ते बहिरे आहेत याचा काय पुरावा? एक तरी दाखला आहे का?"

दाखला नव्हता. मिळायला सहा आठवडे लागतात, हे दोघांनाही ठाऊक होतं.

एकच वाट होती. सुनावणीत अधिकाऱ्याने स्वतः खात्री करून घेतली तर दाखला लागत नाही. म्हणजे दादाला चार लोकांसमोर आपण बहिरे आहोत हे दाखवावं लागणार होतं. त्या संध्याकाळी तिने खिडकीजवळ त्याच्यासमोर बसून हे सांगितलं.

"नाही," घड्याळजी म्हणाले.

"दादा, त्याशिवाय डोळा वाचत नाही."

"नाही म्हटलं ना! पाय गेला तेव्हा लोक सरबत घेऊन यायचे. कान गेले म्हटल्यावर तोंडासमोर हातवारे करतील. पोपटाला नवा खेळ मिळेल. आणि पोराला काय वाटेल? अकरा वर्षं मी त्याला उल्लू बनवला म्हणेल."

"ते तो आधीपासूनच आहे."

घड्याळजी हसले नाहीत. आत्याने त्यांचा भिंगाचा दिवा स्वतःच्या तोंडाकडे वळवला, म्हणजे ओठ नीट दिसावेत, आणि हळूहळू म्हणाली, "तू आंधळा झालास तर मी भांडायचं कोणाशी?"

घड्याळजींनी दिवा पुन्हा घड्याळाकडे वळवला आणि काम करू लागले. हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

६

सोमवारी घड्याळजी इस्त्रीचा सदरा घालून आपणहून दारात येऊन उभे राहिले.

अपील अधिकारी हा आत्याच्या हाताखाली शिकलेला माणूस. दाढी घोटून गुळगुळीत, अक्कलही तशीच. तो घाईत होता, कारण तो कायमच घाईत असे. परोपकारी कोपऱ्यात हात बांधून बसला होता. घड्याळजींना आत्याने खिडकीच्या उजेडात, अधिकाऱ्यापासून दोन हातांवर बसवलं.

"बाई, रेकॉर्डिंग आहे. दाखला नाही. मी काय करू?" अधिकारी म्हणाला.

"समक्ष खात्री," आत्या म्हणाली. "नियमावलीचं एकविसावं पान. वाचलं नसशील तर मी थांबते."

त्याने वाचलेलं नव्हतं. पान शोधण्यात पाच मिनिटं गेली. वाचून झाल्यावर त्याने नाखुशीने मान हलवली. आत्याने त्याच्यासमोर एक चिठ्ठी ठेवली. "हे तीन प्रश्न. आवक रजिस्टर तोंडासमोर धरून मोठ्याने विचार. ओठ दिसता कामा नयेत."

अधिकाऱ्याने जाडजूड रजिस्टर उचलून तोंडासमोर धरलं.

"आज इथे येताना त्रास झाला का?"

"हो," घड्याळजी म्हणाले. परोपकारी कोपऱ्यात मंद हसला.

"तुमचं वय बारा वर्षं आहे का?"

"हो हो."

दाराशी उभा असलेला शिपाई फिसकन हसला. घड्याळजींच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. काहीतरी चुकलं, एवढं त्यांना खोलीतल्या चेहऱ्यांवरून कळलं होतं. आत्याला तो शिपाई, तो अधिकारी आणि ते अख्खं कार्यालय खिडकीतून खाली टाकावंसं वाटलं. पण ती जागची हलली नाही.

अधिकाऱ्याने तिसरा प्रश्न वाचायला घेतला. "या कार्यालयातले सगळे अधिकारी..." तो थबकला. "बाई, हे काय लिहिलंय?"

"विचार. अपिलाची नोंद पुरी व्हायला हवी."

"या कार्यालयातले सगळे अधिकारी," तो संतापाने गरजला, "बिनडोक आहेत का?"

"हो," घड्याळजी म्हणाले. "अगदी."

अधिकाऱ्याने रजिस्टर टेबलावर आपटलं. घड्याळजी शांतपणे समोर बघत होते.

"बहिरा आहे हा माणूस," अधिकारी शेवटी म्हणाला. "मग फोनवर कोण बोललं?"

"त्या मंगळवारी माझ्या भावाची नोंद तुमच्या संगणकावर कोणी उघडली ते बघ. वयाने आहे हे त्या नोंदीशिवाय कळत नाही. आणि उघडणाऱ्याचं नाव आणि वेळ तिथे आपोआप राहते."

अधिकाऱ्याने कळा दाबल्या. पडदा वाचला. मग त्याने मान वळवून कोपऱ्याकडे पाहिलं. परोपकाऱ्याचा हात मिशांकडे गेला आणि तिथेच राहिला.

"अकराला दहा कमी," अधिकारी त्याला म्हणाला. "तुम्ही जरा बसा हो. तुम्ही जाऊ नका."

पुढचं काम अर्ध्या तासाचं होतं. घड्याळजी सरकारी योजनेत परत आले, बुधवारची शस्त्रक्रिया कायम राहिली, आणि उरलेल्या एकोणचाळीस नावांच्या फायली मागवल्या गेल्या. शिक्के पडेपर्यंत आत्या तिथून हलली नाही. शिक्क्याशिवाय या लोकांच्या शब्दावर विश्वास ठेवायला ती अजून म्हातारी झाली नव्हती.

बाहेरच्या पॅसेजमध्ये घड्याळजी बाकावर टेकले. आत्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, माफ कर. चार माणसांत हसं केलं तुझं."

"पहिले दोन प्रश्न कोणते होते?"

तिने सांगितले.

"बारा वर्षं! आचरट आहेस." मग त्यांनी डोळा बारीक केला. "तिसरा सांगू नकोस. तिसऱ्याला तो चिडला ना, तेव्हा रजिस्टर हनुवटीखाली आलं होतं त्याचं. सगळे ओठ दिसले मला."

आत्या इतकी हसली, की तिला बाकावर बसावं लागलं.

तेवढ्यात जिन्यावरून एक माणूस धापा टाकत आला. गोल, पांढुरका चेहरा, गालावर दोन ठिकाणी कापलेलं. आत्याने त्याला आधी ओळखलंच नाही. मागून सून येत होती. तिने काल त्याला सगळं सांगितलं असावं. तो बापासमोर उकिडवा बसला आणि त्याने आपलं नवं कोरं तोंड त्यांच्या तोंडासमोर आणलं. त्याला पुष्कळ बोलायचं होतं हे दिसत होतं. पण त्याने जे सोपं होतं तेच विचारलं.

"बाबा, घरी जायचं ना?"

घड्याळजींनी मुलाच्या ओठांकडे नीट पाहून घेतलं. अकरा वर्षांनी दिसत होते ते.

"नाही," ते म्हणाले. "आधी माझं दुकान दाखव कुठे गेलं ते."